शिळं पेट्रोल

रबराची नळी तोंडात धरून पंजाबरावनं जोरात श्वास ओढला. पेट्रोल जिभेवर आलं तसं त्यानं ते थुंकलं, नळी डब्यात सोडली, आणि नव्या मोटारीच्या टाकीतलं ताजं पेट्रोल धारेनं डब्यात पडू लागलं. दुपारचे दोन वाजले होते. शेठ जेवून आडवे झाले होते आणि मोटारीचा ड्रायव्हर रामधन विहिरीवर आंघोळ करत होता. तेवढा वेळ पुष्कळ होता.

भरलेला डबा त्यानं शेडमधल्या घरगाडीत रिकामा केला. मग कोपऱ्यातल्या पिंपातलं पेट्रोल आणून मोटारीच्या टाकीत ओतलं. हे घरगाडीतून उपसून ठेवलेलं, वर्षभर बसून राहिलेलं पेट्रोल. रंग काळपट, वास वार्निशसारखा आंबूस. असलं पेट्रोल पोटात गेलं की इंजिन खोकतं आणि चढावर मान टाकतं. पंजाबरावला नेमकं तेच हवं होतं.

घरगाडी म्हणजे लढाईतला जुना ट्रक. शेठची वणीत कापसातली सरकी काढायची जिनिंग होती. त्यांनी ट्रकवर लाकडी खोली बांधून घेतली होती. आत पलंग, स्टोव्ह, पाण्याची टाकी. कापसाच्या हंगामात राळेगावपासून उमरखेडपर्यंत बाजार करायचे, तर जेवणखाण आणि झोपणं गाडीतच. अकरा वर्षं ती गाडी पंजाबरावनं हाकली होती. मग मागच्या सालच्या दसऱ्याला मोटार आली, तिच्यासोबत तिशीतला रामधन आला, आणि घरगाडी शेडमध्ये गेली. पंजाबरावच्या वाट्याला काम उरलं एकच. आठवड्यातून एकदा इंजिन सुरू करायचं, थोडा वेळ ऐकायचं, बंद करायचं.

तेव्हापासून त्याच्या पोटात दुखत होतं. रामधनचं सगळंच डोळ्यांत खुपायचं. त्याचा भांग, त्याची शीळ, शेठ त्याच्याशी हसून बोलायचे ते. वर हा गृहस्थ अदबीनं विचारायला यायचा, "पंजाबकाका, जरा कार्बोरेटर पाह्यता का?" उद्धट असता तर चार शिव्या तरी घालता आल्या असत्या. ती सोयही त्यानं ठेवली नव्हती. यंदाच्या दिवाळीला शेठनं रामधनला धोतरजोडी दिली आणि पंजाबरावला नुसतं उपरणं. त्या उपरण्याची घडी त्यानं अजून मोडली नव्हती. नळी त्याच्या हातात आली ती त्याच आठवड्यात.

चार वाजता शेठ कोट चढवून बाहेर आले. मुलीच्या सोयरिकीसाठी यवतमाळला पाहुणे वाट पाहत होते. मोटार फाटकाबाहेर पडली, दोनशे पावलं गेली, खोकली आणि थांबली. रामधननं प्लग पुसले, कार्बोरेटरचा जेट तोंडानं फुंकला. पुन्हा वीस पावलं, पुन्हा तेच. शेवटी शेठ रुमालानं मान पुसत पायीच परत आले. शेडच्या दाराशी उभा राहून पंजाबराव हे सगळं डोळे भरून पाहत होता. इतकं सुख त्याला दीड वर्षात मिळालं नव्हतं.

"पंजाबराव, घरगाडी निघन काय?"

"आता निघते, शेठ."

पहिल्याच झटक्याला इंजिन सुरू झालं. पंजाबरावनं गाडी अंगणात आणून उभी केली. रामधन तोवर मोटार ढकलत फाटकाच्या आत आणत होता. शेठनं त्याच्यासमोरच निकाल दिला.

"दिवाळीपासून खोकूनच राह्यली ही मोटार. उद्याच विकून टाकतो. आपली घरगाडीच बरी. रामधन, तू दुसरीकडे काम पाह्य बाप्पा." एवढं बोलून ते शेठाणीला सांगायला बंगल्यात गेले.

रामधन घरगाडीच्या खिडकीशी आला. आता हा रडणार, गयावया करणार, असं पंजाबरावला वाटलं, आणि खरं सांगायचं तर त्याला ते पाहायचंच होतं. जिंकल्यावरही त्याला गप्प बसवेना.

"पेट्रोल पाहून भरत जाय लेका. शिळं भरलं का असंच होते."

"मालूम हाय काका," रामधन हळूच म्हणाला. "वार्निशचा वास मले पहिल्या दिवसापासून येऊन राह्यला. असा वास या आवारात एकाच पिंपातल्या पेट्रोलचा हाय."

पंजाबरावचे हात स्टिअरिंगवरून खाली आले.

"मंग शेठले काहून नाही सांगतलं?"

रामधननं खिशातून एक लहानसं पितळी कुलूप काढलं. कोरं करकरीत. किल्ली अजून दोऱ्यानं त्यालाच बांधलेली. ते त्यानं खिडकीतून पंजाबरावच्या हातात ठेवलं.

"मोटारीच्या टाकीले लावाले शेठनं दिवाळीच्या आधीच देल्लं होतं. तवाच म्हणे, गुढीपाडव्यापर्यंत मोटार बिनघोर चालली का घरगाडी मोडीत देतो अन् पंजाबरावले घरी बसवतो. मले तं कोळशाच्या खदानीवर उद्या ट्रक भेटन, काका. तुमाले या वयात कोण गाडी देते? म्हणून हे कुलूप मी लावलंच नाही."