दगडाचं बाळ

आमचा थोरला म्युझियमचा साहेब, त्याला मिरवायची भारी हौस. म्युझियमच्या पायऱ्या फोडून चाकाच्या खुर्च्यांसाठी उतार केला, आंधळ्यांना चाचपून बघता यावं म्हणून मूर्ती काचेतून बाहेर काढल्या, हे सगळं आपणच केलं असं अख्ख्या नात्यात सांगत सुटला होता. उद्घाटनाला फोटोवाले बोलावले आणि पहिला मान आपल्या आंधळ्या बापाला, म्हणजे आमच्या ह्यांना दिला.

ह्यांनी एका दगडी बाळाच्या तोंडावरून हळूहळू बोटं फिरवली आणि नाकापाशी थांबले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"बाबा, कसं वाटतंय ते सांगा ना सगळ्यांना," लेक म्हणाला.

"छान आहे रे. तुझ्या छकुलीचं नाक असंच आहे का? तिला दात आले म्हणे, पण माझे हात खरखरीत म्हणून तुम्ही मला तिला हात लावूच देत नाही."

टाळ्या थांबल्या. लेकाने मान खाली घातली. मीही त्याच घरात राहते, मलाही मान वर करवेना.

मग सगळ्यांदेखत लेकाला म्हटलं, "पुरे झाले फोटो, घरी चल. आज पोरगी ह्यांच्या मांडीवर बसेल, आणि ती कितीही रडली तरी मध्ये यायचं नाही. तूही नाही आणि मीही नाही."