अजून चार दिवस

तारली मांजर उंबऱ्यापाशी येऊन ओरडायला लागली, तशी मथुराने घाईघाईने दार ओढून घेतलं.

"अजून नको, काका. अजून चार दिवस जाऊ देत."

शेजारचे धोंडूकाका खाटेवर बसून कुणाचं तरी फाटकं जाळं विणत होते. जन्म गलबतावर खलाशी म्हणून गेला होता. आता बुरोंडीच्या या घरात ते एकटेच होते. त्यांनी मान वर केली.

"मागच्या आठवड्यात पण तू हेच बोललीस. आता ती माझ्या उशाशी निजते. हाक मारली की येते. नव्या बंदरात आम्हीसुद्धा इतके दिवस गलबतावर बसून राहत नव्हतो गो."

मथुरा दाराला पाठ लावून उभी राहिली.

मांजर तिनेच आणलं होतं. हर्णैच्या बहिणीकडून, पिशवीत घालून, एसटीने. पहिले दोन दिवस ते खाटेखालून हललं नाही. मथुरा रोज यायची. घमेल्यात राख भरून ठेवायची, उकडलेलं बांगड्याचं डोकं खाटेजवळ सरकवायची आणि भिंतीला टेकून गप्प बसायची. तारली पहिल्यांदा आपणहून तिच्या मांडीवर चढली, तेव्हा काका म्हणाले, "पोटच्या पोरीने केलं नसतं एवढं करतेस तू." त्या दिवशी मथुराला जेवण गेलं नाही.

काकांचा आधीचा बोका, सरंगा, तिच्यामुळे मेला होता.

भात झोडून झालं, मथुराच्या पडवीतली भाताची कणगी भरली आणि उंदीर लागले. वर्षभराचं पोट त्या कणगीत. मथुराने बाजारातून काळं औषध आणलं, पिठात मळलं, वासाला जवळ्याची भुकटी घातली आणि गोळ्या करून पडवीभर टाकल्या. जवळ्याच्या वासाने शेजारचा बोकाही येईल, हे तिच्या ध्यानातच आलं नाही. सकाळी सरंगा तिच्या दगडी गडग्याशी ताठ पडला होता.

"असं कसं झालं गो?" काकांनी विचारलं होतं.

"जनावर डसलं असेल," ती म्हणाली होती.

काकांनी सरंगाला उचलून नेलं आणि उंडीच्या झाडाखाली पुरलं.

मग मथुराने पडवी झाडली. दुसऱ्या दिवशी परत झाडली. अजून झाडतच होती. पण गोळ्या किती वळल्या, कुठे कुठे टाकल्या, काही केल्या आठवत नव्हतं. आणि तारलीला सोडलं की ती गडग्यावरून उडी मारून पहिली तिकडेच जाणार होती.

तारली तिच्या पायाशी दार ओरबाडू लागली.

"चार दिवसांनी काय होणार हाय?" काकांनी विचारलं.

"रुळेल जरा."

"ती रुळली, मथुरे."

काकांनी जाळं बाजूला ठेवलं. खुंटीवरची बॅटरी काढली, कोपऱ्यातली केरसुणी घेतली.

"चल. तुझी पडवी दोघं मिळून झाडू. मग सोडू तिला."

मथुराने तारलीला आत सारून बाहेरून दार लावलं. वर न बघता ती त्यांच्या मागून चालू लागली.

 पडवीत काका कण्हत कण्हत जमिनीवर पालथे झाले, बॅटरी तिच्या हातात दिली आणि कणगीखालच्या फळ्यांच्या फटीत खांद्यापर्यंत हात घातला. उंदरांनी ओढून नेलेला कोंडा, चिंध्या, भाताची फोलं बाहेर येत गेली. पलीकडच्या घरातून तारलीचं ओरडणं ऐकू येत होतं.

बऱ्याच वेळाने काकांनी मूठ उघडली. तळहातावर बुरशी धरलेली काळपट गोळी होती.

"काका," मथुराला हुंदका आवरेना, "सरंगाला मी..."

"बॅटरी नीट धर," काका म्हणाले आणि त्यांनी पुन्हा हात आत घातला. "अजून आत काहीतरी हाय."