पुढाऱ्याचं चाक

१९७४ सालच्या त्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत दोघे भाऊ पहिला घाट चढून वर आले, तेव्हा मागे कुणीच उरलं नव्हतं.

थोरला बेकरीत भट्टीवर होता, धाकटा छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा. आठवडाभर पोटापाण्याचं काम आणि रविवारी सायकल, असे हे हौशी गडी. तेव्हाच्या सायकली लोखंडी आणि जड. अंगातले सदरे आईने घरी विणलेले, घामाने भिजले की गुडघ्यापर्यंत लोंबायचे.

"आज कुठून आणलेस रे हे पाय?" थोरल्याने धापा टाकत विचारलं.

"तुझेच जुने. तुझ्या पँटी वापरतो, तसे पायही."

थोरला हसला, पण नेहमीसारखा खदाखदा नाही. दम लागला असेल.

सायकल क्लबचा नियम सगळ्यांना तोंडपाठ होता. शर्यतीआधी क्लबात शिकवणारे मास्तर एकाला पुढारी ठरवत. बाकीच्यांनी पुढे राहून त्याच्यासाठी वारा अंगावर घ्यायचा. पुढाऱ्याचं चाक हवा जाऊन बसलं, तर जवळच्या गड्याने स्वतःचं चाक काढून त्याला द्यायचं आणि आपण रस्त्याकडेला मागच्या टेंपोची वाट बघत बसायचं. कुरकुर चालत नसे. त्या वर्षी पुढारी होता थोरला. पहिल्या येणाऱ्या एकालाच देशाच्या संघाच्या शिबिराचं बोलावणं मिळणार होतं, आणि थोरल्याचं वय बघता ही त्याची शेवटची संधी, असं घरात सगळेच धरून चालले होते.

सपाटीवर धाकटा पुढे झाला. वारा समोरून होता, तरी त्याच्या पायांना तो लागतच नव्हता. हा मागे नसता तर, असा एक विचार मनात आला आणि त्याची त्यालाच लाज वाटली. तो जरा हळू झाला. मग पाय पुन्हा आपोआप पळू लागले.

दुसऱ्या घाटाच्या पायथ्याला, वळणावर, थोरल्याची होणारी बायको ठरल्याप्रमाणे पाण्याची बाटली घेऊन उभी होती. ती दिसली आणि मागे ब्रेक करकरले. क्षणभर शांतता. मग हाक आली.

"चाक! अरे, चाक दे!"

धाकट्याचे हात ब्रेकवर गेले आणि तिथून परत आले. का आले, ते त्याला पुढे जन्मभर सांगता आलं नाही. समोर तिचा मोकळा हात तोंडावर गेलेला, डोळे विस्फारलेले. हाक ऐकूनही आपण थांबलो नाही हे हिने पाहिलं, एवढं त्याला कळलं. बाटली न घेताच तो वळण घेऊन घाटाला लागला.

तो पहिला आला. वाऱ्यात काही ऐकू आलं नाही, असं त्याने सगळ्यांना सांगितलं.

"ऐकू आलं नाही म्हणे!" घरी आई कडाडली. "लहानपणी खाऊचा डबा उघडला की दोन खोल्यांपलीकडून ऐकू यायचं तुला. सख्ख्या भावाला रस्त्यात टाकून आलास?"

"आई, त्याला एक शब्द बोलायचा नाही," थोरला म्हणाला. तो खाली बसून बुटांच्या नाड्या सोडत होता. मान वर केली नाही. "वारा होता."

धाकट्याला वाटलं, याने दोन मुस्कटात दिल्या असत्या तर परवडलं असतं.

तो शिबिराला गेला नाही. मास्तर तीनदा घरी येऊन गेले. "अरे गाढवा, असे पाय रोज जन्माला येत नाहीत!" धाकट्याने त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि दुसराच विषय काढला. सायकल त्याने कुणाला तरी देऊन टाकली.

त्यानंतर तो भावाच्या संसारासाठी राबला. लग्नात धावपळ त्याची. थोरल्याला खोकला झाला की छापखान्यातून सुटून भट्टीवर उभा राहायचा तो. पुतण्यांना शाळेत सोडणं, गळकं छप्पर, बिघडलेला पंखा, सगळं त्याच्याकडे. स्थळं आली की "बघू" म्हणायचा. तो बघू कधी संपलाच नाही. वहिनी त्याला पहिला गरम घास वाढायची, पण नजर कधी द्यायची नाही. तिने आपल्याला माफ केलेलं नाही, हे तो समजून होता आणि त्याबद्दल त्याची तक्रारही नव्हती. थोरल्याने मात्र तो विषय पुन्हा म्हणून काढला नाही. एवढ्या मोठ्या मनाचा माणूस, धाकटा मित्रांना सांगायचा.

आता त्यातलं फारसं कुणी उरलं नाही. आई आधी गेली. आल्यागेल्याला "धाकटा कानाने जरा कमी आहे हो" असं टोमण्यात सांगायची सवय तिने शेवटपर्यंत सोडली नाही. मास्तर लेकीकडे राहायला गेले आणि तिथल्या गल्लीतल्या पोरांना सायकल शिकवत शिकवत गेले. खिळ्यांचा जमाना संपला, छापखाना बंद पडला. थोरल्याने स्वतःची बेकरी काढली, मुलींची लग्नं केली, आणि गेल्या हिवाळ्यात छातीच्या दुखण्याने तोही गेला.

धाकटा तरी रोज सकाळी वहिनीकडे यायचाच. एकदा स्वयंपाकघरातला नळ खोलून बसला होता.

"भावजी, आता पुरे करा."

"झालंच. एवढा वायसर बसवतो."

"नळाचं नाही म्हणत मी." ती ओट्याला टेकून उभी होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिने त्याच्याकडे सरळ पाहिलं. "त्या दिवशी तुमची पाठ होती, पण वळणावरून मला मागचं सगळं दिसत होतं. त्यांनी आधी खाली वाकून स्वतःच्याच चाकातली हवा सोडली, आणि मग तुम्हाला थांबवायला हाक मारली."