टाळेबंदीतला सूर

गिटार खाली ठेवून नंदकिशोरनं खिशातून माऊथ ऑर्गन काढला, तेव्हा पहिल्या रांगेतल्या वडिलांनी तोंड फिरवलं. रॉक बँड काढणारा मुलगा त्यांच्या लेखी वायाच गेला होता. पिंपरीतल्या कामगार वसाहतीच्या गणेशोत्सवात निम्मे श्रोते त्यांच्यासारखेच, कंपनीच्या टाळेबंदीमुळे कित्येक महिने घरी बसलेले. नंदकिशोरनं ब्लूजची उदास धून वाजवली आणि शेवटचा सूर कर्ण्यातून घुमत हळूहळू उतरला. तोच पुरुषमंडळी भराभर उठली. कुणी चपला शोधू लागलं, कुणी सोबत नसलेला जेवणाचा डबा चाचपू लागलं. एवढं वाईट वाजवलं? तो गोंधळून थांबला. वडीलही उभेच होते. आईनं त्यांची बाही धरली. “अहो, बसा. कंपनीचा भोंगा नाही तो. नंदू वाजवतोय.” उठलेले एकमेकांकडे बघत राहिले. कुठं निघालो होतो, कुणालाच सांगता येईना. वडील मात्र बसले नाहीत. “नंदू, तेवढंच परत वाजव.”