सुतकातला खडक

"तुझे डोळे समुद्रात पडलेत का रे, किमिओ? झावळी दिसली नाही?" नेसिना किनाऱ्यावरून ओरडली.

किमिओने होडी थांबवली. प्रवाळाच्या खडकावर रोवलेल्या काठीला माडाची झावळी बांधली होती. पॅसिफिक महासागरातल्या त्रुकच्या बेटांवर घरचं माणूस गेलं की त्या घराचा खडक सुतकात जातो. परक्याने तिथे ना मासे धरायचे, ना बुडी मारायची. नेसिनाचा नवरा पेत्रुस जाऊन महिनाच झाला होता. पण महायुद्धात बुडालेली जपानी बोट नेमकी याच खडकाशी पडली होती, आणि होडीतला पाहुणा हामादा उद्या परत जाणार होता.

दोघे किनाऱ्यावर उतरले.

"मावशी, याचे वडील त्या बोटीवर होते. हा तेव्हा आईच्या पोटात होता. एकदाच जाऊ दे. पेत्रुसकाका असते तर हो म्हणाले असते."

"नसता म्हणाला. त्या बोटीकडे त्याने कधी मान वळवून पाहिलं नाही."

नेसिना लहानपणी जपानी शाळेत शिकली होती. ती थेट पाहुण्याकडे वळली.

"बापाचं नाव?"

"तोशिओ हामादा."

"आई आहे?"

"अंथरुणाला खिळलीय. रोज पहिला भात बाबांच्या फोटोपुढे ठेवते. दुसरं लग्न केलं नाही. 'ते पाण्यात एकटे आहेत, एकदा भेटून ये,' एवढंच तिचं मागणं आहे."

नेसिना पाहुण्याचा चेहरा न्याहाळू लागली. आता शिव्या पडणार, असं किमिओला वाटलं.

"सांभाळून ने त्याला," ती म्हणाली.

खाली बोट कुशीवर निजली होती. डेकवर लाल प्रवाळ फुललं होतं. हामादाने गाळात गुडघे टेकून हात जोडले. पाठीवरच्या टाकीतली हवा संपत आल्याची खूण किमिओला दोनदा करावी लागली.

वर आल्यावर हामादा नेसिनापुढे कमरेत वाकला. "आईला आता सांगता येईल, बाबा भेटले."

"सांग तिला, जागा शांत आहे." तिने भाजलेला नीरफणस पानात बांधून त्याच्या हातात दिला. "वाटेत खा, पोरा."

तो होडीकडे गेला. किमिओ हळूच म्हणाला, "मावशी, गावप्रमुखालाही तू इथे मासे धरू दिले नाहीस. परक्यासाठी सुतक मोडलंस?"

"परका कसला?" नेसिना होडीकडे बघत म्हणाली. "पेत्रुस हे नाव त्याला माझ्या आईने दिलं. बोटीवरून पोहत आला तेव्हा तो तोशिओ होता."