अटेस्टेड झेरॉक्स

रजिस्ट्रार झाल्या तरी नूरी तुंगेकर अ‍ॅडमिशनच्या दिवसांत स्वतः खिडकीवर बसायच्या. कारकून म्हणून लागल्या तेव्हापासूनची सवय. पाच वाजले की खिडकी बंद, मग समोर कोणी का असेना. सानपाड्याच्या त्या कॉलेजात लोक त्यांच्या खिडकीवरून घड्याळ लावायचे.

यंदा पहिल्याच दिवशी, खिडकी उघडायच्या आधीपासून एक मुलगी येऊन उभी होती. रुतिका धर्मा कोळी. फाइलमध्ये एक कागद कमी नाही. वर प्रत्येक झेरॉक्सवर अधिकाऱ्याची सही आणि गोल शिक्का.

"अगं, अटेस्टेड झेरॉक्स बंद होऊन किती वर्षं झाली! आता स्वतःची सही चालते."

"मी पन तेच बोलले, मॅडम. पन बाबा ऐकतच नाहीत. त्यांची अ‍ॅडमिशन एका सहीसाठी गेली ना, इथेच. वाशीला जाऊन सही घेऊन धावत आले, तर पाच वाजून दोन मिनिटं झाली होती."

मॅडमनी फाइल मिटली. त्या वर्षीही खिडकीवर त्याच होत्या.

"बाबा आलेत का?"

"गेटबाहेर हायत. आत यायला नको बोलले. मॅडमनी वळखलं तर मॅडमनाच उगाच वाईट वाटेल, बोलले."

नूरी मॅडमनी खिडकीतून वाकून गेटकडे पाहिलं. तिथे सात-आठ बाप उभे होते. त्यांतला कोणता, ते त्यांना ओळखता येईना.