एवढी बाही होऊ दे

आई लोकांच्या मुलांचे शाळेचे गणवेश शिवायची आणि स्वतःच्या मुलीला घरीच शिकवायची. मुलगी एका जागी बसेल तर शपथ, म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणायचे. पुस्तक उघडलं की भिंगरीला तहान लागायची, पोट दुखायचं, नाहीतर पाळण्यातल्या भावाचा एकदम पुळका यायचा.

"मी नाही वाचणार. तूच वाच," तिने आज ठणकावून सांगितलं.

आईने वाद घातला नाही. शिलाई मशीनवर बसल्या बसल्या ती मोठ्याने वाचू लागली. "अस्वलाने पेटी उघडली, आत वाकून पाहिलं, आणि..." एवढं वाचून तिने पुस्तक बाजूला ठेवलं आणि मशीन सुरू केली.

"आणि काय? काय होतं आत?"

"थांब गं, एवढी बाही होऊ दे."

"झाली?"

"आता कॉलर."

भिंगरीने पाय आपटले, गाल फुगवले. शेवटी पुस्तक ओढून ती टेबलाखाली शिरली. मशीनच्या खडखडाटात खालून आवाज येऊ लागला, "आ...त... दु...स...रं... अस्वल! दुसरं अस्वल?" पाठोपाठ पान उलटल्याचाही आवाज आला.

बाळाला खांद्यावर थोपटत बाबा जवळ आले. मशीनकडे पाहून हळूच म्हणाले, "अगं, सुईत दोराच नाहीये."

आईने ओठांवर बोट ठेवलं आणि मशीन आणखी जोरात चालवली.